रिकामं जातं

ते साल एकोणीसशे पासष्ट. ज्वारीवर लेव्ही बसली होती, पिकाचा ठरलेला वाटा सरकारला सक्तीने घालावा लागे, आणि सरकारी जीपचा आवाज आला की संग्रामपूरकडच्या गावांत पटापट दारं लागत.

अशाच एका दुपारी जीप आमदार किसनरावांच्या अंगणात येऊन थांबली. किसनराव विरोधी बाकावरचे. लेव्हीविरुद्ध खामगावची सभा गाजवून आदल्याच दिवशी परतलेले. पुरवठा निरीक्षक वामनराव खाली उतरले. मागे पहारी घेतलेले दोन शिपाई.

"आमदारसाहेब, तुमच्याकडे भरलेलं पेव आहे अशी खबर आहे."

त्या काळी मोठ्या शेतकऱ्याची ज्वारी जमिनीखाली पेवात असे. माणूस उतरेल एवढंच तोंड, आत रांजणासारखं पोट. तोंडावर दगडाची फाडी ठेवून वर माती-शेण सारवलं, की घरच्या माणसालाही जागा आठवावी लागे.

"पाहा ना," किसनराव हसले. "समदं घर पाहा. पण आधी बसा. च्या घेतल्याबिगर मी दुश्मनालेही जाऊ देत नाही."

त्यांनी स्वतः भिंतीच्या सावलीत बाज ओढली, वर जमिनीपर्यंत लोंबणारी सतरंजी घातली आणि वामनरावांना हात धरून बसवलं. शिपाई गोठ्यात, कडब्याच्या गंजीत, परसात पहारी खुपसत फिरू लागले.

एवढ्यात आतून जात्याची घरघर सुरू झाली.

वामनरावांनी कान टवकारले. "घरात दाणा नाही म्हणून भाषणं करता, आणि दळण चाललंय? तेही भर दुपारी?"

किसनरावांनी मान खाली घातली. "जाऊन पाहा साहेब. लाजू नका."

वामनराव दारापर्यंत गेले. किसनरावांच्या बायको, अन्नपूर्णाबाई, दोन्ही हातांनी जातं फिरवत होत्या. सुपात दाणा नव्हता. जात्याभोवती चिमूटभर पीठ नव्हतं. कपाळावरचा घाम दगडावर टपटपत होता आणि त्या वर पाहत नव्हत्या.

"शेजारचे लेकरं भुकेनं रडून राह्यले," किसनराव मागून हलकेच म्हणाले. "जात्याचा आवाज आयकला म्हणजे त्यायले वाटते, भाकर होऊन राह्यली. रडता रडता निजतात बिचारे."

वामनराव ओशाळून बाजेवर परत आले. चहा झाला. किसनरावांनी आग्रह करून दुसराही पाजला. तो संपत आला तेव्हा जातं थांबलं.

"निजले वाटते लेकरं," किसनराव म्हणाले.

शिपायांना काही सापडलं नाही. जीप निघून गेली.

दिवस मावळताना सोजराबाई आली. तिचा नवरा मोतीराम हा किसनरावांचा सालदार, वर्षानुवर्षं त्यांच्याच शेतात राबणारा.

"मालक, आमचा माणूस भाकर खायाले काऊन नाही आला?"

किसनरावांनी तिला ओसरीवर बसवलं. मग म्हणाले, "सोजरा, जीपवाल्यायनं नेला त्याले. वावरातून उचलला. पेव दाखव म्हणे. इमानी माणूस, काय बोलन थो?"

"कवा सोडतीन मंग?"

"मी हाये ना. सोडवून आणतो."

तिने भाकरी झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती गाईला घातली आणि नवी झाकली. पुढे कितीतरी दिवस तिचं हेच चाललं.

नागपूरच्या अधिवेशनाला किसनराव सोजराबाईला सोबत घेऊन गेले. ती वर गॅलरीत पदर तोंडाशी धरून बसली. मोठमोठी माणसं खाली आपल्या मोतीरामचं नाव घेतात, हेच तिला नवल होतं.

"अध्यक्ष महाराज," किसनराव उभे राहिले. "शेजारची लेकरं झोपावीत म्हणून माझी बायको रिकामं जातं फिरवते. आणि या सरकारचे निरीक्षक बाजेवर बसून ते ऐकतात!"

ते सत्ताधारी बाकांकडे वळले.

"बायाबापड्यांची अंगणं खणून काय मिळालं तुम्हाला? ज्वारी मिळाली नाहीच. माझा सालदार तेवढा नाहीसा झाला."

"आधी तुमचं पेव दाखवा!" सत्ताधारी बाकांवरून कुणीतरी ओरडलं.

किसनरावांनी गॅलरीकडे बोट केलं. "आधी तिचा नवरा दाखवा."

मग सगळा विरोधी पक्ष बाकं वाजवत एकच विचारत राहिला, मोतीराम कुठं आहे? संध्याकाळी मंत्र्यांनी घोषणा केली, की यापुढे कुणाचंही अंगण खणलं जाणार नाही. वामनराव निलंबित झाले.

वामनराव पुन्हा नोकरीवर चढले नाहीत. खामगावला लोकांचे अर्ज लिहून पोट भरत. बाजारात पोरंसोरं त्यांना विचारत, 'मोतीराम कुठं आहे?' एका उन्हाळ्यात त्यांनी विहीर जवळ केली. किसनराव आणखी दोनदा निवडून आले आणि म्हातारे होऊन, भरल्या घरात गेले. सोजराबाईला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही. मोतीरामच्या जागी तिला कामाला घेतलं. रोज पहाटे ती त्यांचं अंगण सारवी. कुंकू तिने पुसलं नाही. अन्नपूर्णाबाई त्या दुपारनंतर जात्याला शिवल्या नाहीत आणि हळूहळू बोलायच्याही थांबल्या. लोक म्हणत, बाईने गरिबांची भूक फार मनाला लावून घेतली.

किसनरावांच्या वर्षश्राद्धाला गावाने ठरवलं, की ते जातं त्यांच्या अंगणात चौथऱ्यावर मांडायचं. भिंतीच्या सावलीतली जागा सगळ्यांना पसंत पडली. वामनरावांची बाज तिथेच होती, हे म्हाताऱ्या माणसांना अजून आठवत होतं. पाया खणताना पहार खणकन फाडीवर आदळली. फाडी सरकवली. खाली काळी पडलेली ज्वारी होती, एक टोपलं होतं आणि माणसाची हाडं होती. मनगटाच्या हाडात लोखंडी कडं होतं. सोजराबाईने ते ओळखलं. ती खड्ड्याच्या काठावर बसली. ओसरीवरून अन्नपूर्णाबाई खाली उतरल्या आणि तिच्या शेजारी येऊन टेकल्या. कित्येक वर्षांनी त्यांचा आवाज लोकांनी ऐकला. "थो ज्वारी काढाले उतरला होता, सोजरा. जीप दिसली अन् ह्यायनं फाडी लोटली. मले म्हणे, खालून ठोकणं बंद होईपर्यंत जातं थांबवू नको."