उणे अठरामधला तेजोमेघ

"सर, हा फोटो काढताना तुम्हाला थंडी वाजली का हो?"

विचारलं एकदाचं! मागे दर्शना आणि दिपिका एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. "सगळ्यांसमोर विचारून दाखव, मग मानलं तुला," अशी पैज दोघींनी आकाशाच्या फोटोंच्या प्रदर्शनाच्या दारातच लावली होती. दोन वर्षांपूर्वीची संचिता असती तर खांबामागे लपली असती. आताची संचिता पहिल्या बक्षिसाच्या फोटोखाली ताठ उभी राहून विचारत होती, तेही फोटो ज्यांचा त्या मितेश सरांनाच.

सर उलट खूश झाले.

"थंडी? अगं, स्पितीत उणे अठरा होतं! चार रात्री एकटा उभा होतो. बोटं वळेनात. तेव्हा कुठे मृगातला तेजोमेघ असा उमलतो."

जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ही माझी विद्यार्थिनी बरं का," सर त्यांना म्हणाले. "धडपडते बिचारी. जमेल हळूहळू."

संचिताने मान डोलावली. मग ती फोटोच्या जवळ गेली, अगदी नाक टेकेल इतकी. "ओ ताई, लांबून बघा," असं रखवालदार दोनदा ओरडला, तेव्हा कुठे ती मागे सरली. तिने मोबाइल काढला आणि फोटोचा फोटो घेतला.

"चल ना यार, भूक लागलीय," दिपिका म्हणाली.

रिक्षात संचिता मोबाइलवरून नजर काढेना.

"काय गं, जळलीस का?" दर्शनाने कोपर मारलं.

"छे! लय भारी फोटो आहे," संचिता म्हणाली आणि रिक्षाबाहेर बघत हसली. "खरंच, लय भारी."

दोन वर्षांपूर्वी वर्तकनगरला सरांच्या रविवारच्या क्लासला ती जायला लागली, तेव्हा तिच्या फोटोतला तेजोमेघ चहा सांडल्यासारखा दिसायचा. मग कळलं, एका फोटोने भागत नाही. शेकडो काढायचे आणि कॉम्प्युटरला एकावर एक रचायला लावायचे. शहराचा उजेड वजा होत जातो, खोल आकाशातला अंधुक प्रकाश साठत जातो. आकाश सरकतं तसा कॅमेराही सरकायला हवा. त्यासाठी बाबांनी होडीच्या जुन्या फळ्यांना बिजागरी आणि स्क्रू लावून कॅमेऱ्याखाली सरकता पाट करून दिला. चेंदणी कोळीवाड्यातल्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, तिची वेधशाळा उभी राहिली.

राहिला फोकस. तिने कुठेतरी वाचलं की लेन्सपुढे दोन दोरे आडवे-उभे ताणले की ठळक चांदणीला चार किरण फुटतात. किरण बारीक, धारदार दिसले की समजायचं, फोकस लागला. बाबांनी तारेच्या चौकटीत जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक धागा, ताणून दिला. पण दोन्ही धागे कलते!

"काटकोनात बांधा ना, बाबा."

"माझा हात जाल्याचा हाय, बाय. त्याला काटकोन कुठून ठाव?"

जाळ्याचा डोळा, म्हणजे एकेक भोक, असतो तसाच उभट, तिरका आकार झाला. त्यामुळे तिच्या चांदण्यांचे किरण अधिकच्या खुणेसारखे कधी आलेच नाहीत. ते चेपलेल्या पतंगाच्या काड्यांसारखे तिरके यायचे. फोकस मात्र झकास लागायचा. संचिताने चौकट तशीच ठेवली.

या हिवाळ्यात तिने नऊ संध्याकाळी, जेवणाआधी, अकराशे फोटो काढले. ते रचून झाले आणि स्क्रीनवर मृगातल्या तेजोमेघाचे गुलाबी-निळे पंख पसरले. बाजारातून आलेली आई डोक्यावरची रिकामी पाटी उतरवायचीच विसरली. "हे आपल्या गच्चीवरनं दिसतं?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

सरांनी मात्र तो फोटो अर्धा मिनिट बघितला.

"ठाण्याच्या उजेडातून तेजोमेघ? चांदण्या बघ, कशा वाकड्या फुटल्यात. प्रदर्शनाला नको पाठवूस, लोक हसतील. फाइल ठेव माझ्याकडे, पुढच्या बॅचला चुका दाखवायला होईल."

ती घरी येऊन चक्क दोनदा रडली. फोटो पाठवला नाही.

आणि आज प्रदर्शनातून ती घरी आली, ती उड्या मारतच. बाबा दारात जाळं विणत बसले होते, आई लसूण सोलत होती.

"आई, बाबा, मी ठरवलंय. आजपासून मितेश सरांचा क्लास बंद."

आईचा हात थांबला. "का गं? कोणी हसलं का तिथे?"

"कोणी नाही. टाळ्या वाजवल्या सरांना."

"मंग?" बाबा म्हणाले. "सरांचा फोटू बगून घाबरलीस काय? तुजा पन व्हईल तसा, बाय. हात चालू ठेवाचा."

संचिताने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. दोन बोटांनी फोटो ताणत ताणत ती सगळ्यात ठळक चांदणीवर थांबली.

बाबांनी चष्मा नाकावर ओढला. बराच वेळ बघितलं. मग जाळ्याची सुई बाजूला ठेवून त्यांनी मांडीवरच्या जाळ्याचा एक डोळा दोन बोटांत ताणला आणि मोबाइलशेजारी धरला.

"ह्यो तर..."

"हो," संचिता म्हणाली. "उद्या आपण तिघं प्रदर्शनात जायचं. बाबा, तुम्ही ती तंगुसाची चौकट घ्या, मी अकराशेच्या अकराशे फोटो घेते. आणि आई, तू ती नवी साडी नेस. पहिलं बक्षीस आणायला जायचंय."