कापलेला पट्टा

"वहिनी, तीन मतांनी पडलो!" सरपंचकीला उभे राहिलेले सोपानराव पिठाच्या गिरणीत येऊन कडाडले. "तुमच्या घरची चारही मतं त्यांना घातलीत ना?"

हौसाबाईने पिठाचा हात झटकून शाई न लागलेलं बोट पुढे केलं. "कुणालाच नाही. मतदानादिवशी आम्ही सगळे माझ्या माहेरी होतो."

ती दोन्हीकडचं दळण दळायची, म्हणून दोन्ही पार्ट्यांनी तिला गद्दार ठरवलं होतं. विरोधकांनी तिच्याकडे दळण टाकणं बंद केलं. सोपानरावांच्या पोरांनी तर मतदानाच्या तोंडावर गिरणीचा पट्टाच कापला.

"आमची मतं तुम्हालाच द्यायची ठरली होती," ती सावकाश म्हणाली. सोपानरावांचं उतरलेलं तोंड तिने डोळे भरून पाहिलं. मग खुंटीवर जपून ठेवलेला तो पट्टा त्यांच्या हातात कोंबला. "पोरांना दाखवा. म्हणावं, सरपंचकी इथंच कापलीत."