धुक्यातला भोंगा

अरे ऐका ना, काका, ताई आणि मी होडीत, धुकं असं की होडीचं टोकही दिसेना, आणि त्यात इंजिन बंद! काका ते खोलून बसलेले, तेवढ्यात कुठूनतरी जहाजाचा भोंगा वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला, या वेळी मोठ्याने आणि चांगलाच जाडा.

"हे दुसरं जहाज," काका पाना फिरवत म्हणाले. "जितकं मोठं जहाज तितका भोंगा जाडा, आणि तो लांबूनसुद्धा दणक्यात ऐकू येतो. पहिलं गेलं निघून. उगाच पाचावर धारण नको, बसा गप!"

ताई व्हायोलिन वाजवते ना, तिच्या मोबाईलमध्ये सूर मोजायचं ॲप आहे. दोन्ही भोंग्यांना तिने ते गंमत म्हणून लावलं होतं. आता ती स्क्रीनकडे बघतच राहिली.

"काका, सूर दोन्ही वेळा तोच आहे. खालचा सूर मोठ्याने वाजला की कानाला आणखी खाली गेल्यासारखा, जाडा वाटतो, बस्स. जहाज एकच आहे, आणि ते जवळ येतंय."

काकांच्या हातातला पाना थांबला.



भोंगा तिसऱ्यांदा वाजला, आणखी जाडा, आणि या वेळी आवाज आमच्या डोक्यावरून आला.