सात नंबरचं नाक

"नाक वर करा. श्वास रोखू नका, ऑपरेशन करत नाहीये मी." विद्याधर सबनीसांनी सुगंधाच्या नाकपुडीत कापसाची काडी फिरवली आणि ती पाठीमागे बायकोकडे, सुनंदाबाईंकडे दिली.

मुलुंडच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठ जण रांगेत होते. रविवारच्या सत्यनारायणाच्या खिरीला ज्यांचा ज्यांचा हात लागला, ते सगळे. खीर खाऊन तीन तासांत एकतीस माणसं ओकत सुटली होती. चौथ्या मजल्यावरचा धवल जिममध्ये शंभर किलो उचलतो. तो दोन रात्री सलाइनवर होता.

विद्याधरांनी बत्तीस वर्षं कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवली होती. वर्गात इतकी माणसं इतकी गप्प बसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. ते खुशीत होते.

"जंतूचं नाव स्टॅफिलोकोकस. हा अन्नात विष सोडतो. सुपरअँटिजेन म्हणतात त्याला. एरवी अंगात चोर शिरला, तर हजारो पहारेकऱ्यांपैकी त्याला ओळखणारे दोन-चारच उठतात. हे विष पाचातल्या एकाला उठवतं, ओळखपाळख न बघता. पोटात गेलं तर उलट्यांवर भागतं. रक्तात भिनलं, तर चोर राहतो बाजूला आणि पहारेकरीच घर फोडतात."

"पण सर, वाढायच्या आधी मी खीर परत खळखळून उकळली होती," सुगंधा म्हणाली.

"जंतू मेले असतील. हे विष नाही मरत उकळून."

गुरुजी दोन तास उशिरा आले, खीर सकाळपासून ओट्यावर राहिली, गार खिरीत सोललेले बदाम पडले. हे सगळ्यांना माहीत होतं. पण गुरुजींना कोण बोलणार? सगळे सुगंधाकडे बघत होते.

चार वर्षं ती इथल्या अकरा म्हाताऱ्या घरांना डबे देत होती. तळमजल्यावरची रिकामी खोली तिला स्वयंपाकाला द्यायची की नाही, हे शनिवारच्या सभेत ठरायचं होतं. रविवारी दुपारपर्यंत ठरल्यातच जमा होतं.

"देवाशप्पत सांगतंय, हात धुतल्याबिगर मी खिरीक हात लावूक नाय," ती म्हणाली. घाबरली की तिची मुंबई गळून पडायची.

"म्हणूनच नंबर. मला कुणाचं तोंड बघून निकाल द्यायचा नाही." विद्याधरांनी शेवटची काडी स्वतःच्या नाकात घातली. त्या दिवशी तपासणीच्या नावाखाली त्यांनी तीनदा झाकण काढलं होतं, एकदा बोटानं चाखलंही होतं. नियम म्हणजे नियम.

पाठ करून बसलेल्या सुनंदाबाई नळ्यांवर मनाला येतील तसे नंबर चिकटवत होत्या. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त त्यांच्या कागदावर. कागद पाकिटात, पाकीट त्यांच्या पर्समध्ये.

शनिवारी सभेला माणसं उभी राहिली होती. पाणी येत नाही तेव्हासुद्धा एवढी येत नाहीत.

"अंधेरीच्या लॅबमधून माझ्या विद्यार्थ्याचा, मिहिरचा रिपोर्ट आलाय," विद्याधर म्हणाले. "उकळायच्या आधी काढलेली नैवेद्याची वाटी फ्रिजमध्ये होती, म्हणून जंतू जिवंत सापडला. माझं धरून नऊ नाकांपैकी एकात तोच जंतू आहे. हुबेहूब. पण आधी ठराव. ज्याचा नंबर निघेल, त्याचा हात पुन्हा या सोसायटीच्या अन्नाला लागणार नाही. मंजूर?"

"मंजूर!" सेक्रेटरी शुभा सगळ्यांच्या आधी म्हणाली. "आणि खोलीचा विषयच संपला मग."

"सात नंबर," विद्याधर म्हणाले. "सुनंदा, वाच."

सुनंदाबाईंनी पाकीट फोडलं. चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. दाराशी सुगंधा भिंतीला चिकटून उभी होती.

"सात नंबर," त्या म्हणाल्या, "विद्याधर सबनीस."

आधी कुणीतरी खोकलं. मग धवल हसला, मग सगळाच हॉल. "काय हे सर! वाट लावलीत ना आमची!"

विद्याधर कानापर्यंत लाल झाले. पण मास्तर खडूशिवायही उभा राहतो. त्यांनी घसा खाकरला.

"यात हसण्यासारखं काही नाही. निरोगी माणसांपैकी दर तिसऱ्या-चौथ्याच्या नाकात हा जंतू असतो. त्याला वाहक म्हणतात. वाहक म्हणजे गुन्हेगार नव्हे."

"बरोबर आहे सर," शुभा लगेच म्हणाली. "तुमच्यासारख्याला कोण दोष देईल? ठराव काय, मागे घेऊ."

ठराव मागे घेतला. त्याच दमात खोलीही सुगंधाला मिळाली. तिला आठवडाभर तोंड चुकवणाऱ्यांना आता तिच्या हातची सोलकढी एकदम आठवली. विद्याधरांनी उठून सगळ्यांदेखत तिची माफी मागितली आणि त्यांना टाळ्या पडल्या.

सभा संपल्यावर सुनंदाबाईंनी सुगंधाला जिन्याखाली गाठलं. तिच्या हातात एक मलमाची ट्यूब ठेवली.

"नाकात लावायचं. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. नंतर परत काडी घालून बघू. ते साफ येईपर्यंत चुलीशी तुझ्या मदतीच्या शकूला उभी कर, तू भांड्यालासुद्धा हात लावू नकोस."

सुगंधा ट्यूबकडे बघत राहिली. "पण काकू, हे सरांना द्यायला हवं ना?"

"त्यांना कशाला?" सुनंदाबाई म्हणाल्या. "त्यांचा नंबर तीन होता."