अर्धा पाउंड

तिसऱ्यांदा ती तीच रॅकेट घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मॅचला जेमतेम तास उरला होता.

"मावशी, आता ढिली वाटतेय. अर्धा पाउंड वाढवून द्या."

मावशींनी मशीनवरची दुसऱ्या कुणाची रॅकेट बाजूला ठेवली. स्टेडियमच्या तळमजल्यावरच्या या खोलीत त्या बावीस वर्षं टेनिस खेळाडूंच्या रॅकेटना गटिंग करून, म्हणजे तारा ताणून बसवून, देत होत्या. कुणी म्हणालं बावन्न पाउंड, की तार बावन्नवरच ताणायची. काटा केसभरही इकडेतिकडे नाही. मावशींच्या हातची रॅकेट कुणी तपासून घेत नसे.

ही पोरगी मात्र आज आठ वाजता बावन्न म्हणाली होती. दहा वाजता एक्कावन्न. आणि आता साडेएक्कावन्न. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती दारापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून दारापर्यंत फिरत होती. मध्येच वाकून बुटाची नाडी सोडायची, पुन्हा बांधायची.

तिची गोष्ट सगळ्या स्टेडियमला ठाऊक होती. सहा महिन्यांपूर्वी एका मोठ्या स्पर्धेत तिला मॅच जिंकायला एकच पॉइंट हवा होता. तिच्या दोन्ही सर्व्हिस जाळ्यात गेल्या. हातातोंडाशी आलेला घास गेला, तो गेलाच. त्यानंतर पाच स्पर्धांत ती पहिल्याच फेरीत हरली होती, आणि पाचही वेळा आघाडीवर असताना. जिंकायची वेळ आली की तिचा हातच उचलत नसे. तिने बूट बदलले, पकड बदलली, उशीसुद्धा बदलून पाहिली. आज हरली, तर क्रमवारीत घसरून पुढच्या महिन्यापासून तिला मोठ्या स्पर्धांची दारं बंद होणार होती.

"ताण रॅकेटला कमी आहे की तुला जास्त?" हे मावशींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्यामागे उभ्या असलेल्या तिच्या थोरल्या भावाने, तोच तिचा कोचही होता, हळूच मान हलवली.

"ती म्हणेल तसं करून द्या, मावशी. आज वाद नको."

दोघं गेली. मावशींनी जुनी तार कापायला कात्री उचलली. जुनी कसली, दोन तासांपूर्वीची. तिच्यावर धड दहा चेंडूही बसले नव्हते. मावशी तारांकडे बघत राहिल्या. आपण अर्धा पाउंड वाढवू. ही कोर्टवर जाईल. पहिला चेंडू बाहेर गेला की पुन्हा रॅकेटकडेच बघेल. मग आणखी अर्धा पाउंड. याला अंत कुठे?

त्यांनी कात्री खाली ठेवली.

पंचवीस मिनिटं त्या हातावर हात ठेवून बसल्या. असलं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. बाहेर फुटलं असतं, तर बावीस वर्षांचा शब्द मातीमोल झाला असता. शेवटी त्यांनी नव्या चिठ्ठीवर 'साडेएक्कावन्न' लिहिलं, ती दांड्याला चिकटवली आणि रॅकेट कव्हरमध्ये घातली.

ती आली. तिने रॅकेट काढून तारांवर तळहात आपटला. कानाजवळ नेऊन पुन्हा आपटला. मग मावशींकडे बघितलं.

"बरोबर आहे आता," ती म्हणाली आणि निघून गेली.

कोपऱ्यातल्या लहानशा टीव्हीवर मॅच सुरू झाली. मावशींचं हातातल्या कामात लक्ष लागेना. तार चुकीच्या भोकातून ओवली, पुन्हा उसवली. पहिला सेट पोरीने घेतला, दुसरा गेला. तिसऱ्यात ती पाच-चारने पुढे आली आणि सर्व्हिस तिचीच. मॅच पॉइंट. पहिली सर्व्हिस जाळ्यात. दुसरीही जाळ्यात.

मावशी उठून उभ्या राहिल्या. त्या रॅकेटमध्ये अर्धा पाउंड कमी आहे, त्यांना वाटलं, आणि तो मी चोरलाय.

पडद्यावर ती तारांकडे बघत होती. बोटांनी एकेक तार सरळ करत होती. मग तिने चेंडू उडवला. तो पॉइंट तिने घेतला. पुन्हा मॅच पॉइंट. पुढच्या पॉइंटला चेंडू जाळ्यावरून किती वेळा आला-गेला, मावशींना मोजता आलं नाही. शेवटी समोरचीने मारलेला चेंडू जाळ्यात अडकला. मॅच पोरीने जिंकली होती. बाकावरचा भाऊ दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता.

संध्याकाळी ती एकटीच आली. केस अजून ओले होते. रॅकेट तिने टेबलावर ठेवली.

"थांब, आधी ऐक," मावशी म्हणाल्या. "सकाळी तिसऱ्या खेपेला मी गटिंग केलंच नव्हतं. नुसती चिठ्ठी बदलली. चुकलं माझं."

"माहीत आहे. कानाशी धरली तेव्हाच आवाजावरून कळलं."

"अगं, मग ही घेऊन खेळलीस कशाला? पिशवीत आणखी पाच होत्या ना तुझ्या?"

तिने स्टूल ओढलं आणि बसली.

"सहा महिने झाले, मावशी. मी काहीही म्हटलं तरी सगळे घाबरून हो म्हणतात. दादासुद्धा. म्हणून मला वाटायचं, मी आता संपलेच असणार." तिने तारांवरून हात फिरवला. "आज पहिल्यांदा कुणीतरी मला नाही म्हणालं."