खात्रीचा आंबेमोहोर

भूगावच्या सोसायटीत जनार्दन सर दर रविवारी मुलांना व्यवहारज्ञान शिकवत. त्या दिवशीचा धडा होता, ऑनलाइन विकणारा माणूस खात्रीचा आहे की नाही हे कसं ओळखायचं. पुढच्या रविवारी व्याही पहिल्यांदाच जेवायला येणार होते आणि भात आंबेमोहोराचाच हवा, असं पत्नी नलिनीबाईंनी सरांना चार वेळा बजावलं होतं. म्हणून सरांनी प्रात्यक्षिकासाठी थेट तुळजाबाईंनाच फोन लावला. या बाई मुळशीतल्या आपल्या शेतातला तांदूळ मोबाइलवरून विकत.

स्पीकर चालू ठेवून सरांनी अर्धा तास त्यांची उलटतपासणी घेतली. शेत कुठं, गिरणी कुठली, पोत्याचा आजचा फोटो पाठवता का, सगळं विचारून झालं.

"इचारा की सर. इचारल्याबिगर घेऊच नका," असं म्हणत बाई हसून उत्तरं देत होत्या आणि मुलं वहीत गुण मांडत होती.

"सर, दहापैकी दहा!" आरोही ओरडली.

"बघा, अशी पारख करायची असते माणसाची," असं म्हणून सरांनी ऐटीत आपलं नाव आणि पत्ता सांगितला, आणि दहा किलो तांदूळ पाठवायला सांगितलं.

पलीकडून बाईंनी नाव आणि पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला.



"आत्ता गं बया, तुमीच व्हय ते सर! मग न्हाई जमायचं. मागल्या खेपेला तुमच्या सोसायटीत तांदूळ पोचवाया आला तवा आधार कार्ड बघूनबी तुमी ज्याला चोर म्हणून गेटवरनं हाकललं, तो आमचा नवा जावई व्हता."