वरचा पेला

दोन्ही तुकडे त्याने कडेला कड लावून धरले आणि खिडकीकडे फिरवले. फटीतून उजेड आला नाही. म्हणजे जुळले. लोकांच्या तुटलेल्या कवळ्या त्याने जन्मभर अशाच जोडल्या होत्या. आजची कवळी माशाच्या टाकीची होती, एवढाच काय तो फरक.

तुटलं होतं ते स्किमरचं, म्हणजे टाकीचं पाणी साफ ठेवणाऱ्या यंत्राचं, तोंड. बोटाच्या पेराएवढी, प्लास्टिकची वाकडी नळी. तिच्यातून हवा आत शिरते, खाऱ्या पाण्यात बुडबुडे होतात, आणि त्यांचा फेस पाण्यातला मळ उचलून वरच्या पेल्यात नेऊन टाकतो. ताई गेली त्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती. कुणाची तरी पिशवी अडकली आणि नळी मोडली. माणसं आपापल्या घरी गेली. नळी तशीच राहिली.

थोरली बहीण आणि हा, दोघेच. लग्न दोघांनीही केलं नाही. टाकी ताईची. तिच्यात मासा एकच, दगडाच्या कपारीत राहणारा, ताईची बोटं पाण्यात शिरली तरच बाहेर येणारा. याला माशाने कधी भाव दिला नाही. पेला मात्र रोज भरायचा. ताई नाक मुरडत तो मोरीत ओतायची आणि रोज तेच म्हणायची, "या घरात सगळ्यांची घाण मीच काढायची."

सगळे म्हणजे हा आणि मासा.

ती गेल्यावर मासा दिसला नाही. याने काचेला नाक लावून पाहिलं, बोटं बुडवून पाहिली. मालकिणीमागे तोही गेला, असं मग त्याने धरून टाकलं. तरी सकाळी चिमूटभर दाणे पाण्यात पडायचेच. ताईच्या वेळेला हात आपोआप डब्याकडे जायचा. घर मात्र आता कमालीचं स्वच्छ होतं. बेसिनमध्ये एक कप, दोरीवर एक टॉवेल. केर काढायला घेतला तर सुपलीत काही येत नसे. पूर्वी ताईने पसाऱ्यावरून बोलून बोलून डोकं उठवलं होतं, आणि आता पसारा करायलाही माणूस पुरत नव्हता. त्या स्वच्छतेचा त्याला उबग आला होता. रिकाम्या टाकीसमोर बसून जेवण्यापेक्षा ती विकलेली बरी.

टाकी बघायला आलेली बाई जाणकार निघाली. तिच्या घरी तसल्या दोन टाक्या होत्या.

"काका, एवढा स्किमर चालू करून द्या. रविवारी टेम्पो घेऊन येते."

"बसवतो त्याला कवळी," तो म्हणाला.

बाईला विनोद कळला नाही. ताईला कळला असता, आणि तिने तो मुद्दाम उडवून लावला असता.

कपाटात जुनी पावडर शिल्लक होती, हिरडीच्या रंगाची. त्याने ती द्रवात कालवली, सांध्यात भरली, घट्ट होऊ दिली. कानशीने घासली, कापडाने चकाकवली. मग सांधा जिभेच्या टोकाला लावून पाहिला. जे बोटाला कळत नाही ते जिभेला कळतं. खुपलं नाही. पांढऱ्या नळीला गुलाबी हिरडी आली होती.

नळी बसवून त्याने बटण दाबलं. स्किमर गुरगुरला आणि घरात आवाज झाला. ताई सकाळी गुळण्या करायची, तसाच. तो टाकीपाशी उभा राहिला आणि त्याला फार एकटं वाटलं. पेल्याच्या तोंडाशी नुसता पांढरा फेस येत होता. सांध्यात भरलेल्या नव्या मसाल्याचा असणार. त्यानंतर रोज तो डोळे वर न करता दाणे टाकायचा आणि मागे फिरायचा. जिला निरोपच द्यायचा, तिच्याकडे काय बघत बसायचं.

रविवारी बाई आली. टेम्पो खाली उभा होता. तिने आधी पेला सोडवला, नाकाशी नेला आणि पटकन लांब धरला. आत काळ्या चहासारखं काहीतरी डचमळत होतं.

"काका, टाकी रिकामी म्हणालात ना?"

"रिकामीच आहे."

"मग ही घाण कुणाची?"

"मी दाणे टाकतो. ते कुजले असतील."

"कुजले असते तर पाणी गढूळ झालं असतं. बघा, केवढं नितळ आहे. आत कुणीतरी आहे, काका. तुम्ही टाकता ते रोज खातंय."

तो टाकीकडे बघत राहिला. दगड, वाळू, पाणी. कपारीत अंधार होता. त्या अंधारासमोर तो इतके महिने पोरका होऊन जेवत होता, आणि समोर कुणीतरी त्याच्याच हातचं खात होतं.

"टाकी नाही द्यायची," तो म्हणाला.

"अहो, टेम्पो आणलाय मी."

"त्याचं भाडं मी देतो. पेला तेवढा इकडे द्या."

बाई कुरकुरत जिना उतरली. तो पेला घेऊन मोरीत गेला. वास असा होता की डोळ्यांत पाणी आलं. पेला उपडा करत त्याने नाक मुरडलं आणि बाहेर टाकीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला,

"या घरात सगळ्यांची घाण मीच काढायची."